बिघाड की मशीनचा स्वभाव? ८ बिट टीव्ही गेमविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या टीव्ही गेमविषयी प्रश्न मागवले होते. आलेली पत्रं जवळजवळ सगळी एकाच मशीनची निघाली. निन्टेन्डोनं जुलै १९८३ मध्ये जपानमध्ये आणलेला फॅमिकॉम, अमेरिकेत १९८५ मध्ये एनईएस या नावानं गेलेलं त्याचंच भावंड, आणि आपल्याकडे लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी घरोघरी पोचलेल्या त्याच्या नकला. कॅसेटमध्ये फीत नसते हे आम्हालाही ठाऊक आहे, पण शब्द तोच रुळलाय, म्हणून इथंही तोच वापरलाय.

प्रश्न : माळ्यावरचा गेम काढून लावला. मारिओ चालू झाला, पण मुलाच्या फोनवर तोच मारिओ बराच चपळ पळतो आणि गाणंही जलद वाजतं. आमचं मशीन जुनं होऊन मंद झालंय का? (सातारा)

नाही. या मशीनला म्हातारपणाचा मंदपणा येत नाही. आतला क्रिस्टल, म्हणजे मशीनला ठेका देणारा स्फटिक, एक तर नीट चालतो, नाही तर चालतच नाही.

गेम जपानी आहे आणि टीव्ही भारतीय, एवढीच भानगड आहे. जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचा, आपला ५०. मारिओचा प्रोग्राम प्रत्येक चित्रामागे एकदा चालतो. मारिओचं एक पाऊल, शत्रूची एक हालचाल, संगीतातली पुढची नोंद, सगळं त्याच ठेक्यावर. ठेका ५० चा झाला की अख्खा गेम ५/६ वेगानं चालतो. खात्री करायची असेल तर घड्याळ लावा. मारिओच्या वेळेचा एक आकडा २४ चित्रांनी उतरतो. म्हणजे ४०० पासून शून्यापर्यंत ९६०० चित्रं लागतात. फोनवर ती साधारण १६० सेकंदांत संपतात, तुमच्या टीव्हीवर १९२ सेकंदांत.

नीट ऐकलंत तर गाण्याची लय उतरलेली आहे, पट्टी नाही. पट्टी ठरते प्रोसेसरच्या वेगावर. मूळ मशीनमध्ये तो १.७९ मेगाहर्ट्झ, आपल्याकडच्या बहुतेक नकलांमध्ये १.७७, फरक एक टक्क्याचा. युरोपातल्या अस्सल एनईएसमध्ये मात्र तो १.६६ आहे, त्यामुळे तिथं लयीबरोबर सूरही अर्ध्या स्वरापेक्षा थोडा जास्त उतरतो. नक्कल करणाऱ्यांनी इथं अस्सलवाल्यांपेक्षा जास्त डोकं चालवलं, असंच म्हणावं लागेल.

कम्प्युटरवर तुमच्या लहानपणीचा वेग हवा असेल तर मेसेन किंवा एफसीईयूएक्स या एम्युलेटरमध्ये (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) रीजन ‘डेंडी’ निवडा. डेंडी हे रशियात गाजलेल्या नकलेचं नाव, पण वेळेचं गणित आपल्या मशीनचंच.

प्रश्न : काँट्रामध्ये दोघं खेळत असताना गर्दी झाली की माणसं आणि गोळ्या लुकलुकतात. कॅसेट खराब आहे का? (नांदेड)

कॅसेट चांगली आहे. चित्र काढणारी चिप पडद्यावर एका वेळी ६४ हलते तुकडे ठेवू शकते. प्रत्येक तुकडा ८ पिक्सेल रुंद आणि ८ किंवा १६ उंच. खरी अडचण पुढे आहे. पडद्याची एक आडवी ओळ काढताना चिप त्या ओळीत येणारे पहिले ८ तुकडेच उचलते. नववा असेल तर त्या ओळीपुरता तो नाहीच. १६ पिक्सेल रुंदीच्या माणसाला दोन तुकडे लागतात, म्हणजे एकाच उंचीवर चार माणसं आली की कोटा संपला. दोन्ही खेळाडू आडवे झोपून गोळ्या मारत असतील तर तो त्याहून लवकर संपतो.

मग लुकलुक का? काहीच केलं नाही तर यादीत मागं असलेली गोळी गर्दीत कायमची अदृश्य होईल आणि न दिसलेल्या गोळीनं तुम्ही मराल. म्हणून प्रोग्रामर दर चित्राला यादीचा क्रम फिरवतात. या वेळी हा तुकडा गाळला, पुढच्या वेळी तो. डोळ्याला लुकलुक दिसते, पण सगळं दिसतं. हा दोष नाही, हा सोयीस्कर तह आहे.

तपासणी सोपी आहे. खेळाडूला वरच्या पायरीवर उडी मारायला लावा. उंची बदलल्यावर लुकलुक थांबली तर मशीन ठणठणीत. झाडं, डोंगर, जमीनही लुकलुकत असेल तर मात्र कॅसेटचा संपर्क किंवा वीजपुरवठा बघा.

याच मर्यादेमुळे त्या काळातले अजस्र राक्षस पुष्कळदा काळ्याकुट्ट पार्श्वभूमीवर येतात. १९८८ च्या मेगा मॅन २ मधला ड्रॅगन हलत्या तुकड्यांचा नाहीच. पार्श्वभूमीच ड्रॅगन झालेली आहे आणि ती अख्खी सरकवली जाते. मग मागं देखावा काढायला काही उरत नाही.

एम्युलेटरमध्ये ही ८ ची मर्यादा काढून टाकायची सोय असते. वापरा, पण काही गेम मुद्दाम रिकामे तुकडे भरून खेळाडूचा भाग झाकतात. कॅसलव्हेनिया २ मध्ये दलदलीत उतरल्यावर नायकाचे पाय दिसेनासे होतात ते असेच. मर्यादा काढली की तो दलदलीच्या वरून चालल्यासारखा दिसतो.

प्रश्न : अख्खा मारिओ ४० केबीत बसतो हे खरं आहे का? आणि त्यात मागं का जाता येत नाही? (पुणे)

खरं आहे. सुपर मारिओ ब्रदर्सच्या (१९८५) कॅसेटमध्ये दोन चिप आहेत, ३२ केबी प्रोग्रामची आणि ८ केबी चित्रांची. प्रोसेसर एका वेळी कॅसेटमधले ३२ केबी पाहू शकतो, त्यामुळे साध्या कॅसेटची तीच हद्द.

पडदा २५६ गुणिले २४० पिक्सेलचा. पिक्सेलमागे दोन बिट धरले तरी एका पडद्याला १५,३६० बाइट लागतील, आणि मशीनकडे चित्रासाठी स्वतःची मेमरी आहे २ केबी. म्हणून पडदा फरशीसारखा बसवलेला आहे. ८ गुणिले ८ पिक्सेलची एक फरशी, १६ बाइटांची. ८ केबीत अशा ५१२ फरश्या मावतात, निम्म्या पार्श्वभूमीला, निम्म्या हलत्या तुकड्यांना. पडद्यावर ३२ गुणिले ३० म्हणजे ९६० जागा. कुठं कोणत्या नंबरची फरशी बसवायची एवढंच मशीन लक्षात ठेवतं, ९६० बाइटांत. रंगांसाठी उरतात ६४ बाइट. तेवढ्यात प्रत्येक फरशीला वेगळा रंगसंच देता येत नाही, १६ गुणिले १६ पिक्सेलच्या चौकोनाला मिळून एक द्यावा लागतो. मारिओमधल्या विटा, प्रश्नचिन्हाचे ठोकळे, पाइपांची मापं सगळी १६ च्या पटीत का आहेत, ते इथं कळतं. झुडूप म्हणजे हिरवा रंग दिलेला ढग, हे तर आता सगळ्यांना माहीत आहे. चालणाऱ्या गूम्बाचंही (मारिओच्या साध्या चालत्या शत्रूचंही) चित्र एकच आहे, तेच उजवं-डावं उलटवलं की पाय टाकल्यासारखे वाटतात.

लेव्हलही चित्र म्हणून साठवलेली नाही. ‘या जागी पाइप, उंची इतकी’ अशी एक सूचना दोन बाइटांत बसते आणि प्रोग्राम त्या एकामागून एक वाचत पुढं सरकतो. मागं न जाता येण्याचं कारण यातच आहे. कामाची मेमरी एकूण २०४८ बाइट. त्यातले २५६ हलत्या तुकड्यांच्या यादीला, आणखी एक २५६ चं पान प्रोसेसरच्या स्टॅकचं (त्याच्या तात्पुरत्या नोंदींचं), आणि ४१६ बाइट जवळच्या दोन पडद्यांमधल्या ठोकळ्यांच्या नोंदीला. कुठली वीट फुटली, कुठलं नाणं घेतलं हे त्या ४१६ मध्येच राहतं. तुम्ही पुढं गेलात की त्यावर नव्या पडद्याची नोंद चढते. मागं जाऊ दिलं असतं तर फोडलेल्या विटा पुन्हा शाबूत दिसल्या असत्या. सुपर मारिओ ब्रदर्स ३ मध्ये (१९८८) मागं जाता येतं, कारण त्या कॅसेटमध्येच ८ केबी जास्तीची मेमरी बसवली होती आणि गेमही ३८४ केबींचा होता.

प्रश्न : ‘९९९९९९ इन १’ कॅसेटमध्ये खरे गेम किती असतात? (कोल्हापूर)

पाच-सहापासून काही डझनांपर्यंत. यादीतल्या प्रत्येक नावामागं गेम तोच असतो, फक्त सुरुवातीला मेमरीत दोन-चार आकडे बदलून टाकतात, जसं की लेव्हल ३, बंदूक वेगळी. नावांच्या यादीला जागा जवळजवळ काहीच लागत नाही.

प्रश्न : कॅसेट लावली की कधी नुसता एक रंग येतो, कधी अक्षरांचा काला होतो. फुंकर मारल्यावर चालते. कायमचा उपाय सांगा. (जळगाव)

फुंकर बंद करा. खरा उपाय फुंकरीनं होत नाही, कॅसेट काढून परत बसवल्यानं होतो, कारण घासल्यामुळे पिनांवरचा थर निघतो. तोंडाची वाफ मात्र तांब्यावर राहते आणि काही महिन्यांत हिरवट बुरशीसारखा थर धरते. स्वस्त कॅसेटच्या पिनांवर सोन्याचा मुलामा नसतो, असला तर नावाला, म्हणून त्या जास्त लवकर बिघडतात.

साफ करण्याआधी पडदा वाचायला शिका. या मशीनमध्ये कॅसेटपासून दोन वेगळे रस्ते जातात, एक प्रोसेसरकडे आणि एक चित्राच्या चिपकडे. ६० पिनांपैकी १ ते ३० एका बाजूला, ३१ ते ६० दुसऱ्या बाजूला. २ ते १४ आणि ३२ ते ४४ प्रोसेसरच्या, १७ ते २९ आणि ४७ ते ६० बहुतांशी चित्राच्या. थोडक्यात, दोन्ही बाजूंचा एकच टोकाकडचा अर्धा भाग प्रोग्रामचा आणि दुसरा अर्धा चित्राचा.

पडदा एकरंगी, आवाज नाही, बटण दाबून काही होत नाही : प्रोग्रामचा अर्धा भाग मळलेला आहे.

संगीत नीट, स्टार्ट दाबलं की खेळ सुरू होतो, पण चित्रांचा काला : चित्राचा अर्धा भाग. इथं आणखी बारकाईनं बघता येतं. अक्षरं ओळखू येतात पण दर ८ पिक्सेलनंतर तीच एक उभी रेघ चुकलेली दिसत असेल, तर डेटाची एक पिन बसत नाहीये, कारण फरशीच्या बाइटमधला एक बिट म्हणजे एक उभा स्तंभ. अक्षरं स्वच्छ पण भलत्याच जागी असतील, तर पत्त्याची पिन, म्हणजे कोणती फरशी उचलायची ते सांगणारी.

चित्र उत्तम, आवाज शून्य : यावर लोक टीव्ही उघडून बसतात. फॅमिकॉममध्ये आवाज कॅसेटमधून जाऊन परत येतो, म्हणजे कॅसेटमधल्या जादा आवाजाच्या चिपला त्यात सूर मिसळता यावा. ४५ आणि ४६ या पिना, त्या बाजूच्या बरोबर मधल्या दोन. साध्या कॅसेटमध्ये त्या आतून नुसत्या जोडलेल्या असतात. बऱ्याच नकलांनीही ही रचना तशीच ठेवली. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून या दोघींवर लावा. बीप आली तर कॅसेट ठीक आहे, मशीनचा स्लॉट साफ करा.

आता सफाई. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. हँड सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते पिनांवर चिकट राहतं. कॅसेट उघडा. काहींना स्क्रू असतात, काही नुसत्या खटक्यावर असतात. खटकेवाली असेल तर जुनं प्लास्टिक कडक झालेलं असतं, पातळ प्लास्टिकची पट्टी घालून एकेक बाजू सोडवा. इअरबड अल्कोहोलात भिजवून पिनांच्या लांबीच्या दिशेनं फिरवा. आडवा फिरवलात तर एका पिनेचा मळ दुसरीच्या फटीत बसतो. बड काळा यायचा थांबेपर्यंत बदलत राहा, चार-पाच लागतात. थर हटत नसेल तर पांढऱ्या मऊ खोडरबरानं हलक्या हातानं दोन-तीनदा, मग पुन्हा अल्कोहोल. सॅंडपेपर नको. एकदा चमकतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात आणखी काळं पडतं.

स्लॉटसाठी कॅसेटच्या आतल्या सर्किटच्या पाटीइतक्याच जाडीची, जास्त नाही, पुठ्ठ्याची पट्टी घ्या. तिच्यावर बनियनच्या कापडाचा एकच पदर, अल्कोहोलात भिजवून पिळलेला, आणि दहा-बारा वेळा सरळ आत-बाहेर. पट्टी जाड झाली तर स्लॉटमधल्या धातूच्या पट्ट्या फाकतात आणि मग प्रत्येक कॅसेटला त्रास सुरू होतो. दहा मिनिटं सुकू द्या. कॅसेट लावणं-काढणं कायम मशीन बंद करूनच.

इतकं करूनही तोच काला राहिला तर पाटीवरचा काळा थेंब बघा. चिप त्याच्या आत आहे. थेंबवाली छोटी पाटी मोठ्या पाटीला सोल्डर केलेली असेल तर ते टाके तडकतात, ते पुन्हा गरम करून घेता येतात. थेंबाच्या आतली तार तुटली असेल तर ती कॅसेट गेली म्हणून समजा.

प्रश्न : मूळ अॅडॅप्टर हरवला. कोणता लावू? दुसरा लावून बघितला तर चित्रावर दोन आडवे पट्टे वर सरकतात आणि गुणगुण ऐकू येते. (चिपळूण)

आधी मशीनच्या मागं खाचेजवळ छापलेलं चिन्ह बघा. अस्सल फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर लागतो आणि पिनेच्या मधोमध ऋण असतो. नकलांना बहुतेक ९ व्होल्ट डीसी चालतो, पण धन-ऋण प्रत्येकाचं वेगळं, त्यामुळे अंदाजानं लावू नका. अमेरिकेतल्या एनईएसचा अॅडॅप्टर ९ व्होल्टचाच असतो, पण तो एसी देतो. तो फॅमिकॉमला लावला तर मशीन जळतं.

आत ७८०५ नावाचा रेग्युलेटर ५ व्होल्ट करतो आणि उरलेल्याची उष्णता. मशीन ३०० मिलिअँपिअर घेत असेल तर ९ व्होल्टला १.२ वॅट, १२ व्होल्टला २.१ वॅट. म्हणून १२ चा लावला की अर्ध्या तासानं गेम अडकायला लागतो. फोनचा ५ व्होल्टचा चार्जर त्या खाचेत लावूनही उपयोग नाही. रेग्युलेटरला आत यायला निदान ७ व्होल्ट लागतात.

तुमचे दोन पट्टे म्हणजे वीज नीट गाळली जात नाहीये. घरची वीज ५० हर्ट्झ, डायोडमधून गेल्यावर लाटा होतात १००. चित्र सेकंदाला ५० वेळा. म्हणजे एका चित्रात दोन लाटा, म्हणून पट्टे दोन. ७८०५ च्या आधीचा मोठा कंडेन्सर सुकलाय, बहुधा १००० मायक्रोफॅरडचा. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, पण २५ व्होल्टचा घ्या, कारण जुने ट्रान्सफॉर्मरवाले ९ व्होल्टचे अॅडॅप्टर भार नसताना १२-१३ व्होल्ट देतात. ऋणाची पट्टी बोर्डावरच्या खुणेशी जुळवा. नंतर ७८०५ च्या बाहेर ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये व्होल्टेज मिळालं पाहिजे.

प्रश्न : एलईडी टीव्हीवर बदकं मारायची बंदूक चालत नाही. टीव्हीत काही सेटिंग आहे का? (नागपूर)

नाही. बंदुकीतून काहीच सुटत नाही, तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा सेन्सर आहे. घोडा दाबला की गेम एक चित्र पूर्ण काळं दाखवतो आणि पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन. काळ्याला अंधार आणि लगेच नंतर उजेड दिसला तर नेम लागला. दोन बदकं असतील तर दोन चौकोन एकामागून एक येतात, त्यावरून कोणतं पडलं ते कळतं. काळं चित्र आधी का, तर कोणी बल्बवर नेम धरला तर फसू नये म्हणून.

जुन्या काचेच्या टीव्हीत किरण सेकंदाला सुमारे १५ हजार ओळी काढत पळतो आणि अस्सल बंदूक त्याच लुकलुकीला प्रतिसाद देते. एलईडी पडद्यावर ती लुकलुक नाही. शिवाय तो टीव्ही चित्र दोन-तीन चित्रांइतकं उशिरा दाखवतो, म्हणजे चौकोन उमटेपर्यंत गेमनं ‘चुकला’ म्हणून निकाल दिलेला असतो. १०० हर्ट्झवाले शेवटच्या काळातले काचेचे टीव्हीही चालत नाहीत, ते चित्र आधी मेमरीत घेतात.

साध्या काचेच्या टीव्हीवरही नेम चुकत असेल तर ब्राइटनेस वाढवा, नळीतलं भिंग पुसा आणि दीड मीटरच्या आत उभे राहा.

प्रश्न : एलईडीवर एव्ही पिनेनं लावलं तर मार लागल्यावर चमकणारा मारिओ मध्येच पूर्ण गायब होतो. (ठाणे)

मशीन दर चित्राला त्याच ओळी काढतं, सम-विषम ओळींचा खेळ करत नाही. टीव्ही किंवा स्वस्त एचडीएमआय डबी मात्र दोन चित्रं जोडून एक करू पाहते. त्यात एकाआड एक दिसणारा मारिओ कधी अर्धपारदर्शक होतो, कधी पूर्ण गाळला जातो. टीव्हीत ‘गेम मोड’ असेल तर लावून बघा, नाही तर २४०पी, म्हणजे दर वेळी त्याच २४० ओळींचं चित्र, ओळखणारा कन्व्हर्टर लागेल. परदेशातून आणलेलं मशीन काळं-पांढरं दिसत असेल तर टीव्हीची रंगप्रणाली एनटीएससी करा.

प्रश्न : इथं सेलमध्ये झेल्डाची सोनेरी कॅसेट मिळाली. खेळ सेव्ह होतो, पण दुसऱ्या दिवशी पुसलेला असतो. (न्यू जर्सी)

आतली सीआर२०३२ बॅटरी संपली. मशीन बंद असताना सेव्हची मेमरी तिच्यावरच जिवंत राहते. कॅसेट उघडायला ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो. नवी बॅटरी सोल्डर करायचे पत्र्याचे कान जोडलेली घ्या. नुसत्या बॅटरीवर सोल्डरिंग आयर्न टेकवू नका, ती फुगते किंवा फुटते. धन-ऋण बोर्डावर छापलेलं आहे. बसवल्यावर ३ व्होल्टच्या आसपास यायला हवं.

आणि बंद करताना रीसेट दाबून धरा, मग पॉवर बंद करा. गेम स्वतःच तसं सांगतो. वीज उतरत असताना प्रोसेसर भरकटतो आणि सेव्हच्या मेमरीवर काहीबाही लिहून टाकू शकतो, रीसेट दाबलेलं असलं की तो गप्प राहतो. सुट्टीत ही कॅसेट भारतात आणून जुन्या मशीनवर लावायचा विचार असेल, तर तिला ७२ पिना आहेत आणि इथल्या स्लॉटला ६०, म्हणजे मध्ये कन्व्हर्टर लागेल.